गव्हाणीतला राजा आणि उसाची ट्रॉली

हसणार नाही असा शब्द द्या, मगच सांगतो. दिला? बघा हं, मधेच फिस्स केलंत तर पुढचा चहा तुमच्याकडून! कारण फजिती कुणाची कोपऱ्यात होते, कुणाची घरात होते. माझी झाली भर चर्चमध्ये, अंगावर शाल असताना.

मी शमुवेल. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो आणि रविवारी आमच्या गावच्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या मेळ्यात, मागच्या ओळीत उभा राहतो. मागच्याच ओळीत का, ते विचारू नका. पुढं कळेल.

आमचं गाव साखर कारखान्याच्या वाटेवर. हंगाम सुरू झाला की दिवसभर उसाच्या ट्रॅक्टरची रांग. एकेकाला मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि डोक्यावर कपाटाएवढे स्पीकर. आधी गाणं येतं, मग धूळ येते, मग ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टरच्या मागनं गावातली पोरं! चालत्या ट्रॉलीतनं ऊस ओढायचा आणि पळायचं. लहानपणी मीही ओढलाय. तुम्हीही ओढलाय, उगाच साळसूद तोंड करू नका.

तर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, हलगी वाजवायचे. जत्रा म्हणू नका, कुस्तीचं मैदान म्हणू नका, बैलगाडीची शर्यत म्हणू नका, आबांच्या हलगीशिवाय कुठं काही हलायचं नाही. पुढं आबा ख्रिस्ती झाले. तेव्हा चर्चमधले जुने लोक म्हणाले, "हलगी जत्रेतली. हितं नगं." आबांनी वाद घातला नाही. हलगी खुंटीला अडकवली ती अडकवलीच. आबा गेले तेव्हाही ती तिथंच होती. मला त्या खुंटीकडं बघवायचं नाही हो. मनात एकच होतं, एकदा तरी आबांची हलगी नाताळच्या उपासनेत वाजली पाहिजे.

म्हणून मी गव्हाणीत जन्मलेल्या येशूवर गाणं रचलं.

"गव्हाणीतला राजा माझा, गव्हाणीतला राजा,
त्याच्या दारी वाजू द्या रं हलगी आन बाजा!"

कसंय? एकदम जत्रेचा ठेका! कुपवाडात शकीलचं दुकान आहे. पुढं ट्रॅक्टरला स्पीकर बसवतो आणि मागं गाद्या लावलेली एक खोली आहे, तिला तो स्टुडिओ म्हणतो. त्यानं कीबोर्डवर बेंजो वाजवला, आबांची हलगी खुंटीवरनं उतरवून मी वाजवली आणि गायलोही मीच. "राऽऽऽजा" म्हणताना जी तान घेतलीय ना मी, मानेच्या शिरा दोन दिवस दुखत होत्या.

शकील म्हणाला, "शमूभाऊ, एकदा परत घ्यायचं का?"

मी म्हटलं, "कशाला? पहिल्या झटक्यात जमलंय की!"

त्यानं मान डोलावली आणि पैसे मोजून घेतले. धंदेवाला माणूस.

आता आमच्या चर्चमध्ये गाण्याचं काहीही असो, ते सुलभामावशीच्या हाताखालनं जातं. मावशी चर्चची पेटी वाजवते, माझ्या जन्माच्या आधीपासनं. मी तिला मोबाईलवर गाणं ऐकवलं. तिनं सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाताळला हे म्हणायचं म्हणतोस?"

"व्हय मावशी."

"देवळात हलगी?" चर्चला मावशी देऊळच म्हणते.

"आवं मावशी, दाविद राजा न्हाई का वाजवत-गात नाचला देवापुढं?"

"दाविदाला गाता येत हुतं."

विषय संपला!

तर त्यानंतर आठवड्याभरात मी कामावरनं गाडीवर घरी येत होतो. पुढं उसाचा ट्रॅक्टर. आणि स्पीकरमधनं काय येतंय? "गव्हाणीतला राऽऽऽजा!"

अहो, मी! मी स्वतः! माझा आवाज, कपाटाएवढ्या स्पीकरमधनं! ट्रॅक्टरच्या बॉनेटवर मोठ्या अक्षरात 'सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं' आणि वर माझा गव्हाणीतला राजा. डोळ्यांत पाणीच आलं. थोडं धुळीनं, पण बाकीचं खरं. शकील स्पीकरबरोबर पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देतो, त्यात त्यानं माझंही ढकललेलं होतं.

मी ट्रॅक्टरचा पाठलाग केला. कारखान्याच्या गेटवर रांगेत तो थांबला तसा ड्रायव्हरला गाठला. तानाजी त्याचं नाव, म्हसवडकडचा गडी.

"पाव्हणं, हे गाणं तुमी कशापायी लावता?"

इंजिन धडधडत होतं. तो ओरडून म्हणाला, "लय उपेगाचं गाणं हाय! ह्याच्याबिगर मी ट्रॅक्टरच काढत न्हाई!"

"रोज?"

"गाव आलं की लावायचंच! गाव संपलं की बंद. आमच्या समद्या डायवरांस्नी दिलंय!"

गाव आलं की लावायचंच! मी म्हटलं, बघा, गावोगाव सुवार्ता! मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मीच गायलोय ते."

त्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं. सीटवरनं खाली उतरला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमी व्हय? आवं, देवमाणूस हायसा तुमी! लय उपकार झालं बगा!"

आता मला सांगा, इतकं झाल्यावर माणूस जमिनीवर राहील का?

घरी आलो आणि रूथला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "गाव संपलं की बंद करतोय? आवडत असतं तर बंद कशाला केलं असतं?"

बघा! बायका एका वाक्यात सगळं सांगतात आणि आपण एका वाक्यात ते उडवून लावतो. मी म्हटलं, "तुला कलेतलं काय कळतंय?"

त्याच रात्री मी हे सगळं चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. हात जोडलेल्या आणि टाळ्या वाजवणाऱ्या चित्रांचा पाऊस पडला. शिरवळला कंपनीत असलेल्या माझ्या मेहुण्यानं ते त्याच्या ग्रुपवर टाकलं. रविवारी चर्चचे पाळकसाहेब उपासनेत म्हणाले, "आपल्या बांधवाचं गीत आज हिंदू ड्रायव्हर भक्तिभावानं ऐकतात, ही केवढी गोष्ट!" कुणीतरी म्हणालं, सत्कार करू. कुणी म्हणालं, त्या ड्रायव्हरलाही बोलवा. मी मान खाली घालून "कशाला, कशाला" म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, लवकर करा.

सुलभामावशी तेवढी पेटी झाकत बसली होती. शेवटी म्हणाली, "त्या डायवरानं समद्यांपुढं सांगू दे, गाणं का आवडतं. पटलं तर नाताळला घिऊ. हलगीसकट."

झालं! मी घरी जाऊन आबांची हलगी परत खुंटीवरनं काढली, पुसली, अंगणातल्या चुलीपुढं धरून तापवली. कातडं ताणल्यावर जो आवाज निघाला, तो ऐकून रूथही भाकरी टाकून बाहेर आली.

पुढचा रविवार. मी लग्नातला कोट घातला होता, बटणं लागत नव्हती ते सोडा. तानाजी कारखान्याला जाता जाताच आला. भरलेल्या दोन ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर चर्चच्या फाटकाशी लावला आणि धुतलेला शर्ट नीट खोचत आत आला. आम्हा दोघांना शाली घातल्या. फोटो झाले. पाळकसाहेबांनी माईक त्याच्या हातात दिला. मावशी पहिल्या बाकावर, हाताची घडी घालून.

तानाजी लाजत म्हणाला, "मी कवा माईकवर बोललो न्हाई. पर ह्या मास्तरांचं गाणं म्हंजी…"

तेवढ्यात बाहेर कलकल झाली. तानाजीनं दारातनं बघितलं आणि ओरडलाच, "आवं, ऊस गेला की माझा!"

फाटकाशी ट्रॉलीला पोरं झोंबली होती. गावातली होतीच, पण आमच्या संडे स्कूलची सगळी फौजही त्यात होती! एकेक जण अंगापेक्षा लांब ऊस ओढतोय.

तानाजीनं माईक माझ्या हातात कोंबला आणि पळाला. कुणाला काठी नाही, शिवी नाही. सरळ ट्रॅक्टरवर चढला आणि गाणं लावलं.

हलगी कडाडली. पोरं जागेवरच नाचायला लागली. मी अभिमानानं सगळ्यांकडं बघितलं. आणि मग आलं, "गव्हाणीतला राऽऽऽऽजा!"

काय सांगू! पोरांनी हातातले ऊस टाकले आणि चपला सोडून धूम ठोकली. आमच्या संडे स्कूलचं एक लेकरू तर रडत वेदीपर्यंत आलं. अख्खी मंडळी दारात उभी राहून बघत होती.

तानाजीनं गाणं बंद केलं आणि घाम पुसत आत आला. "बगितलंसा? ह्यापायी लावतो! पयल्या वर्सी निम्मा ऊस पोरंच वढायची. आता ह्यांनी ते 'राजा' म्हणून वरडाय सुरवात केली की पोरांस्नी वाटतंय, उसाखाली माणूस घावलाय! म्या बी पयल्यांदा ट्रॅक्टर थांबवून खाली बगाय उतरलोतो!"

त्यानंतर चर्चमध्ये जे झालं त्याला हशा म्हणतात का? बाकं हलत होती! पाळकसाहेबांनी बायबल तोंडापुढं धरलं होतं आणि त्याच्यामागं त्यांचे खांदे उडत होते. रूथ पदरात तोंड घालून बसली होती. आणि मी? शाल, कोट आणि हातात माईक. धरणी दुभंगावी म्हटलं, तर खाली फरशी!

मला हसण्याचं वाईट वाटलं नाही हो. वाटलं ते आबांचं. गेली हलगी, आता परत खुंटीला.

पण तानाजी भला माणूस. त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. तो परत माईकवर आला. "पर एक सांगतो. हलगी कुणी वाजवलीया हो? आमच्याकडं सिद्धनाथाच्या यात्रंला लय ऐकल्यात हलग्या. पर अशी न्हाई. अंगावर काटा येतोय. 'राजा' यायच्या आधी ती पोरं कशी नाचाय लागली, बगितलंसा न्हवं?"

मी हळूच म्हटलं, "मीच वाजवलीय. आबांची हलगी हाय."

सुलभामावशीचं हसू थांबलं. तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. उठून माझ्यापुढं आली.

"शमू, गाणं नाताळला घ्यायचं. हलगीसकट."

"खरंच, मावशी?"

"व्हय. तू फकस्त वाजवायचं. त्वांड उघडलंस तर बघ!"

आणि नाताळला वाजली हो! मावशीची पेटी, कॉयरचे गोड आवाज आणि त्यात आबांची हलगी. मला मागच्या ओळीतनं काढून सगळ्यांच्या पुढं बसवलं होतं. ज्या जुन्या लोकांनी हलगी नको म्हटलं होतं, त्यांच्यातले एक आजोबा काठी टेकत आले आणि हलगीला हात लावून नुसते उभे राहिले. मी तोंड घट्ट मिटून वाजवत होतो आणि डोळ्यांतनं धारा. यावेळी धूळ नव्हती, सगळं खरंच होतं. गर्वानं सांगतो, तसा नाताळ आमच्या गावानं बघितला नव्हता.

कॉयरचं ते गाणं शकीलनं रेकॉर्ड केलं. मी पेनड्राइव्हमध्ये घालून मोठ्या आनंदानं तानाजीला नेऊन दिलं. दोन दिवसांत त्यानं परत आणून दिलं.

"मास्तर, रागावू नगासा. गाणं लय ग्वाड हाय. पर पोरं ऐकाय जवळ येत्यात, नाचत्यात आन जाताना ऊस घिऊन जात्यात. आपलं जुनंच बरं हाय!"

तेव्हा हंगाम आहे तोवर आमच्या रस्त्यावर दिवसभर मीच गातो. पाळकसाहेब म्हणतात, 'चोरी करू नको' ही आज्ञा शिकवून शिकवून ते थकले, माझ्या गाण्यानं ती एका ओळीत पाळायला लावली. हसा, हसा! चहा तुमच्याकडून ठरलाच. पण असा दुसरा गायक दाखवा मला पंचक्रोशीत!

आणि परवाचं ऐका. मी गाडीवरनं आपल्याच नादात गाणं म्हणत चाललो होतो. पुढं एका ट्रॉलीला पोरं लोंबकळत होती. मी जवळ गेलो मात्र, सगळी ऊस टाकून शेतात पळाली.

आणि तेही बिनस्पीकरचं, बरं का!