मनासारखा आकडा

दादाच्या शेजारच्या पद्माम्मांचा फोन आला तेव्हा मी दिलसुखनगरला, माझ्या घरी, भाजी निवडत बसले होते. "अक्का, जल्दी आव, भैया गिर गए." बरकतपुऱ्याला पोचेपर्यंत दादा गेला होता. जेवून ताटावरून उठला, उभा राहिला आणि कोसळला. डोकं उंबऱ्यावर आपटलं... महिना उलटून गेला, माझा राग काही जात नाही.

दादा माझा मोठा भाऊ. नांदेडहून येऊन रेल्वेत लागला आणि काचीगुड्यालाच रिटायर झाला. वहिनी गेल्यावर एकटा राहायचा. मुलगा सुहास पुण्यात. बापावर जीव टाकणारा, पण महाहट्टी. त्यानं बीपीचं मशीन पाठवलं आणि बजावलं, रोज आकड्याचा फोटो पाठवायचा, बिघडला की मी येऊन पुण्याला घेऊन जाणार. झालं! दादाचं इथलं राहणं त्या आकड्यावर येऊन ठेपलं. "तिथं बाराव्या मजल्यावर काय, कुंडीत लावणार का मला?" असं म्हणायचा.

मशीन मात्र त्याचं ऐकायचं नाही. सकाळी चढलेलं, जेवणानंतर उतरलेलं, दवाखान्यात तर आभाळाला भिडलेलं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. वयानं रक्तवाहिन्या ताठर होतात, उठलं, जेवलं, घाबरलं की दाब हलतो, आणि म्हाताऱ्या शरीराला तो सावरायला वेळ लागतो. एका आकड्यावर जाऊ नका, सगळे आणून दाखवा, उभं राहूनही मोजा. "हौ हौ, डाक्टरसाब," दादा म्हणाला. आणि घरी येऊन काय केलं? वाईट आकडा आला की पुसायचा, डोळे मिटून स्वस्थ बसायचा, परत पट्टा बांधायचा. मनासारखा आला की फोटो. "जय भीम, सुहास! बघ, ठणठणीत आहे तुझा बाप." तेच निवडक फोटो डॉक्टरांपुढे. ते बिचारे दाब उतरवायच्या गोळ्या तशाच चालू ठेवत गेले.

"अरे, परवा उठताना गरगरलं, भिंत धरलीस, ते सांग की त्यांना," मी ओरडायचे.

"नक्को बाई. सांगितलं की पोरगा गाडी घेऊन दारात."

काय बोलणार अशा माणसाशी! हसायचा वरून.

सुहास आला, खूप रडला. "आत्या, बाबांचे आकडे तर सगळे चांगले होते ना गं?" असं विचारत राहिला. पोराला काय सांगू... मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला मूलबाळ नाही, त्यालाही आता मोठं असं मीच. जाताना मशीन माझ्याकडे ठेवलं. "रोज मोज, फोटो पाठव. बिघडलं तर पुण्याला यायचं, मी काही ऐकणार नाही."

आज सकाळी मोजलं. वाईट आला. उठताना हल्ली मलाही डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला कळलं तर हे घर, ही गल्ली, सगळं सुटणार. मी आकडा पुसला, डोळे मिटून बसले, परत पट्टा बांधला. बरा आला तेव्हा फोटो पाठवला. सुहासचा लगेच अंगठा आला, आणि मला हायसं वाटलं.