राहण्याजोगा सिनेमा

सिनेमा संपला की विमलताई एकच विचारायच्या, "तिथं राहायला जाशील का?" पडद्यावरच्या गावात, घरात चार दिवस राहावंसं वाटलं तरच तो सिनेमा त्यांच्या लेखी चांगला. मारामाऱ्यांचा एक गाजलेला सिनेमा त्यांनी एका वाक्यात निकालात काढला होता, "साऱ्या घराला एक खिडकी उघडी न्हाई. जीव गुदमरतो."

आखाडा बाळापुरात आमची घरं शेजारी. हट्टा गावच्या दवाखान्यातून त्या परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. मी शाळेत शिक्षक, आणि हिंगोलीच्या एका साप्ताहिकात सिनेमांची परीक्षणं लिहिणारा. रविवारी दुपारी पडदे ओढून, पंखा मंद करून आम्ही त्यांच्या टीव्हीवर सिनेमा पाहायचो. बाहेरचं ऊन पडद्यातून पिवळसर पाझरायचं आणि खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची.

असाच एकदा खाडीकाठी राहणाऱ्या बाईचा सिनेमा पाहिला. होडी येते, जाते. बाई वाळलेले कपडे काढते. धुकं उतरतं. बस, एवढंच. मी लिहिलं, 'कंटाळवाणा. दिग्दर्शकाकडे सांगण्यासारखं काही नाही.'

अंक वाचून ताईंनी मला कुंपणापाशी थांबवलं. "काहून असं लिहिलंस?"

"त्यात काही घडतच नाही, ताई."

"दवाखान्यात जलमभर घडूनच राहिलं होतं की. त्या बाईला दिवसभर कुणी हाक मारत न्हाई. किती बरं वाटलं मला."

मी पटकथेतल्या उणिवा सांगितल्या, रेंगाळणारी दृश्यं सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय तुझं. पण मी तिथं राहून आले." मग घरात जाता जाता म्हणाल्या, "तुला कंटाळा आला, तर तुला आला म्हणून लिही. पिच्चरला काहून नावं ठेवतोस?"

यंदा त्यांचं हृदय थकलं. अंथरुणातून उठवेना. एका दुपारी भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "तो खाडीचा लाव." लावला. अर्ध्यात त्यांनी विचारलं, "आता कसा वाटून राहिला?"

आवडला म्हणणं सोपं होतं. पण ताईंपुढे ते जमेना. "अजून कंटाळाच येतोय, ताई."

त्या हसल्या. "न्हाई आवडला तर न्हाई. बस मात्र. एकटीनं पाहायला मजा येत न्हाई."

थोड्या वेळात त्यांचा डोळा लागला. टीव्ही बंद करता आला असता. मी फक्त आवाज कमी केला. पडद्यावर धुकं उतरत होतं, त्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर हलत होता. श्वास संथ चालला होता. त्या कुठेतरी पोचल्यासारख्या दिसत होत्या. मी शेवटपर्यंत बसून राहिलो.

त्याच आठवड्यात ताई गेल्या. माझ्या परीक्षणांत हल्ली 'मला' हा शब्द फार येतो. संपादक तो खोडतात. मी पुन्हा लिहितो.