पानं घेतलीत, या

स्पष्टच सांगतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. झाशीच्या इलाइट चौराह्यावर उभं राहून मी ताईत विकणाऱ्या बाबांविरुद्ध पत्रकं वाटली आहेत, शिव्या खाल्ल्या आहेत. त्यामुळे खालचं लिहिताना मला थरार वगैरे काही वाटत नाहीये... राग येतोय.

आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र — मी, शकील आणि पुष्पेंद्र. झाशीहून गरौठ्याकडे जाताना आत एक छोटी नदी लागते, तिच्यावर बंधारा आहे. नाव देत नाही, तक्रार चालू आहे. बंधाऱ्याच्या खाली किलोमीटरभर अंतरावर पात्रात मोठे खडक आहेत. महिन्यातला एखादा रविवार तिथे गळ टाकून बसायचं. मासे मिळाले तर मिळाले, खरं कारण जेवण! पुष्पेंद्रच्या घरचे गक्कड, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आणि वांग्याचं भरीत, शकीलच्या अम्मीचे कबाब, माझ्याकडून थालीपीठ आणि लोणचं. नियम एकच — आपला डबा आपण उघडायचा नाही.

आमच्या घरात ताटं स्टीलची असली तरी जेवायला अजून "पानं घेतलीत, या" अशीच हाक मारतात. सातवीत असताना पुष्पेंद्र पहिल्यांदा खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी आला, ही हाक ऐकली आणि आईला म्हणाला, "आंटी, पान बाद में, पहले खाना!" तेव्हापासून नदीवरही डबे उघडायचे म्हणजे "चलो, पान लगाओ". त्याला मराठी समजते थोडी, पण बोलता येत नाही. "घेतलीत" हा शब्द त्याच्या तोंडून आजवर धड निघालेला नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. दुपारचे पावणेएक. तिघं तीन खडकांवर, एकमेकांकडे पाठ करून. डबे काठावर अर्जुनाच्या झाडाखाली, बंद. आमच्या खालच्या बाजूला पन्नासेक पावलांवर रामकली कपडे धूत होती. जवळच्याच गावातली, दर खेपेला भेटणारी, "मछरिया मिली के नईं?" म्हणून चिडवणारी.

मागून पुष्पेंद्रचा आवाज आला — "पानं घेतलीत रे, या!" स्वच्छ मराठीत. मी गळ फटीत खोचला आणि उठलो. काठावर पोचतो तर तेही दोघं येत होते.

"वाह! आज बड़ी शुद्ध मराठी निकली," मी पुष्पेंद्रला म्हटलं.

"मेरी? बुलाया तो शकील ने."

"अबे मैं क्यों बुलाऊँगा? मुझे तो इसने आवाज़ दी," शकील माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"डिब्बे तो बंद पड़े हैं. पान लगाया किसने?" पुष्पेंद्रने विचारलं.

आम्ही हसत होतो... आणि पाणी आलं. बंधाऱ्याची दारं उघडली होती. बघता बघता तिन्ही खडक गायब, गळ गायब. सायरन? अजिबात नाही. पाणी सोडण्याआधी सायरन वाजवा म्हणून मी दोन वर्षं पत्रकं काढतोय. तो वाजला असता तर मला कळलं नसतं?

मग रामकलीची किंकाळी. धारेनं तिला काठच्या बाभळीत नेऊन अडकवलं होतं. शकील आणि पुष्पेंद्रने तिला ओढून काढलं. उजवा हात मोडला होता.

मी पाटबंधारे खात्याकडे तक्रार ठोकली. चौकशीला जाताना दोघांना बजावलं, "पूछें तो बोलना, भूख लगी थी, उठ गए. बस." साहेबांनी नेमकं तेच विचारलं — पाणी यायच्या आधी तुम्ही उठलात कसे? आणि शकील म्हणाला, "सर, किसी ने खाने पर बुलाया था."

झालं! अहवालात आलं, तिघांना वेळेवर सूचना मिळाली होती, ते बाहेर आले. महिलेने दुर्लक्ष केले. म्हणजे हात मोडला तिचा आणि चूकही तिचीच.

"एक झूठ बोल देता तो मर जाता क्या?" मी बाहेर येऊन शकीलवर ओरडलो.

"मर तो उस दिन जाता. जिसने बचाया, उसी को ग़ायब कर दूँ?"

"तू ही तो छापता फिरता है भैया, सच बोलो, सच लिखो," पुष्पेंद्र म्हणाला.

दोन महिने आम्ही बोललो नाही.

त्या दिवसांत मी एकटा परत तिथे गेलो. तीच हाक फोनवर रेकॉर्ड करून काठावर मोठ्याने लावली आणि खडकावर जाऊन बसलो. पाण्याच्या आवाजात गुणगुण ऐकू येते, शब्द एक कळत नाही. तीन माणसांना तीन वेगळ्या गळ्यांतून तेच शब्द? भास म्हणावा तर तिघांना एकाच क्षणी? हे लिहितानाही दात-ओठ खातोय मी.

शेवटी रामकलीला जाऊन सगळं खरं सांगितलं. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुमें तो कोऊ ने टेर लओ भैया... हमें काय नईं टेरो?"

तुम्हाला हाक मारली, मला का नाही? तिथूनच शकीलला फोन लावला.

नवा अर्ज तिघांनी मिळून लिहिला, एक अक्षर खोटं न घालता. सायरन वाजला नाही. आम्हाला कुणीतरी जेवायला बोलावलं. रामकलीला कुणीही बोलावलं नाही. खाली आमच्या सह्या, तिचा डाव्या हाताचा अंगठा. खिडकीतल्या बाबूने वाचला आणि परत सरकवला.

"'किसी ने' नहीं चलेगा. नाम लिखिए. पिता का नाम लिखिए."

पुष्पेंद्र हसत सुटला. मला हसू आलं नाही.

अर्ज तिथेच अडकलाय. रामकली त्याच जागी एका हाताने कपडे धुते. पाणी कधी सुटणार, हे तिला अजून कुणीही सांगत नाही.