उजव्या फुलाची आत्या

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात देवाला कधी घाई केली नाही. बाकी सगळ्यांना मात्र ताटकळत ठेवलं. गाय विकायची असो की पडवी शाकारायची, ती आमच्या वलवणच्या भैरोबाला कौल लावायची. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा. उजवं आधी पडलं तर 'कर', डावं पडलं तर 'नको'. पण हा अर्थ गावाचा. आत्याचं म्हणणं वेगळंच. "द्येव न्हाई म्हनत न्हाई गं. त्यो थांब म्हनतो."

आणि थांबण्यात तिच्याइतकं सुख कुणाला मिळालं नसेल. एकदा तळेगावच्या बाजाराला निघालो, तर लोणावळा स्टेशनात शिरतो न शिरतो तोच गाडी सुटली. मी रडकुंडीला आले. हिने फलाटावरच फतकल मारली, भाकरी-ठेचा सोडला आणि एका अनोळखी बाईला शेजारी जेवायला बसवून तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकली. पुढची गाडी आली तेव्हा म्हणते कशी, "आली व्हय एवढ्यात?"

माझ्या लग्नात मात्र हे थांबणं आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जिवावर आलं. तुंगार्लीचं स्थळ आलं, डावं फूल. कामशेतचं आलं, पुन्हा डावं. माझ्या बरोबरीच्या मुली कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायला लागल्या. आबा कडाडले, "आक्का, पोरीला काय द्येवळात झाडलोट करायला ठिवायचीय? आता डावं पडलं तर जो पयला यील त्येच्या गळ्यात बांधीन!"

मीही वैतागून विचारलं, "आत्या, तुझ्या लग्नाला तरी लावला होता का कौल?"

ती भाकरी थापत होती. "माझ्या येळंला कुनी इचारलंच न्हाई," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. खेळातून उठवून बोहल्यावर उभी केलेली पोर ती. कळत्या वयाआधीच पांढऱ्या कपाळाने भावाकडे परत आली होती.

मग देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला असलेल्या मुलाचं स्थळ आलं. लढाईचे दिवस. साखर मिळेना, म्हणून आत्याने सकाळी देवाला गूळ-मधाचा अभिषेक केला, आणि तोही सढळ हाताने. पाहुणे थेट देवळातच आले. फुलं लावली. पण देवाचे खांदे सगळे चिकट! उजवं हलेना, डावंही हलेना. ऊन डोक्यावर आलं, पाहुण्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, आबांनी दात-ओठ खाल्ले. देव आपला ढिम्म. गुरवाने धुपाटण्यात आणखी ऊद घातला. धूर नेमका पुढे बसलेल्या मुलाच्या नाकात गेला. त्याने नाक दाबलं, डोळे मिटले, आणि अशी सणसणीत शिंक दिली की उजवं फूल सुटून आत्याच्या ओच्यातच येऊन पडलं.

कौल उजवा, पण शिंक म्हणजे अपशकुन! मुलाच्या आईने कपाळाला हात लावला. सगळे आत्याकडे बघायला लागले. तिने फूल डोळ्यांना लावलं.

"शिंक मानसाची, फूल द्येवाचं," ती म्हणाली. "गूळ वाटा!"

मान खाली घालून बसायचं सोडून मी खदखदून हसले. तो शिंकणाराही हसला. मला तो तेवढ्यातच आवडून गेला.

पुढे घरात कुणीही शिंकलं की आत्या शकुन-अपशकुन काढायची, पण हे शिंकले की हात जोडायची. जावयाच्या नाकावर तिची श्रद्धा बसली होती.

आत्या गेली ती भरल्या घरातून, हसतखेळत. तिला अंगणात आणलं, चौघांनी खांदा दिला, आणि उदबत्त्यांच्या धुराने यांना जोरात शिंक आली. शिंकेवर पाऊल उचलायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. खांदेकरी जागच्या जागी थबकले. आबांनी यांच्याकडे डोळे वटारले. मी पदराने डोळे पुसत होते, आणि मला हसू आवरेना.

"थांबा जरा," मी म्हणाले. "तिला घाई नाही."