एकोणीसशे सालचा फेब्रुवारी

चाराने भाग जाणारे वर्ष लीप. परंतु शंभराने भाग जात असल्यास नव्हे. परंतु चारशेने भाग जात असल्यास होय. कायद्यात अशा अपवादाला परंतुक म्हणतात. मंठ्याच्या कार्यालयात कारकुनी करताना परंतुकावर चढलेली परंतुके मी आयुष्यभर वाचली होती. जालन्याच्या संगणक वर्गात मात्र सरांनी पहिली अट शिकवून खडू ठेवला. उरलेल्या दोन मी माझ्या प्रोग्राममध्ये स्वतः घातल्या. अपुरा नियम लिहून देणे माझ्या हातून होणार नव्हते.

प्रमाणपत्राशिवाय मुख्य लिपिकाची जागा मिळणार नव्हती, आणि निवृत्तीपूर्वीची माझी ही शेवटची संधी होती.

परीक्षेत तेच आले: १८९६ ते २००० मधील लीप वर्षे छापा. मी लूप लावले. प्रत्येक वर्ष तिन्ही अटींतून जाऊ लागले. पडद्यावर १८९६ च्या खाली थेट १९०४ उमटले. परीक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. हातातल्या छापील उत्तराशी त्याने पडदा ताडून पाहिला.

"काका, एक साल कमी पडून राह्यलं. एकोणीसशे कुठंय?"

"ते लीप नव्हते. त्या फेब्रुवारीला अठ्ठावीसच दिवस होते."

"तुम्ही होते का तवा मोजायला?"

मागच्या बाकावर हशा पिकला.

"आपल्याकडचे छापील उत्तर चुकीचे आहे," मी म्हणालो.

"असंल. पण मला याच्याशीच जुळवायचंय. बाकी समद्यांचं बराबर जुळलं, तुमचंच न्हाई. मंग मी काय करू?"

मी नापास झालो. परीक्षा मंडळाकडे सविस्तर अपील केले, जुन्या पंचांगाचा दाखला जोडला. उत्तर एका ओळीचे आले: परीक्षकांचा निर्णय अंतिम आहे. माझ्या स्मरणपत्रांना तेवढीही ओळ मिळाली नाही. जागा माझ्या हाताखाली काम शिकलेल्याला गेली. त्याच्या सत्काराचे भाषण मीच लिहून दिले.

पुढे दोन हजार साली, एकोणतीस फेब्रुवारीला, वर्गाचे सर बसस्थानकावर भेटले.

"काका, आज एकोणतीस हाये बघा. दोन हजारला शंभरानं भाग जातो ना? तुमच्या नियमाचं काय झालं मंग?"

"सर, चारशेनेही जातो. माझी तिसरी अट त्यासाठीच होती. माझ्या यादीत दोन हजार होतेच."

"हो हो, बिलकुल," म्हणत ते भोकरदनच्या गाडीत चढले. खिडकीतून त्यांनी हात हलवला. वर्गात ही हकीकत ते कशी सांगणार, हे मला तिथेच कळले.

त्यांचा तो अर्धा नियम आता २०९९ सालापर्यंत एकदाही चुकणार नाही. चुकेल तो २१०० साली. निवृत्त झाल्यावर मी मंडळाला आणखी एक पत्र पाठवले आणि त्यात हे स्पष्ट नमूद केले. जागा मिळण्याचा प्रश्न तेव्हा उरलाच नव्हता. त्या पत्राची पोचही आली नाही.