दोन डोंगर, दोन भाकऱ्या

अंधाराला घाबरायचं म्हटलं तर मला चोवीस तास घाबरावं लागेल, त्यामुळे भुताखेतांच्या भानगडीत मी कधी पडलोच नाही. बाराव्या वर्षी माझी दृष्टी गेली. पुढे कॉम्प्युटर शिकलो, आणि बिघाड झाला की त्याला कारण असतंच, एवढ्या एकाच गोष्टीवर विश्वास ठेवला. लोकांचे तसले अनुभव एक मित्र मला वाचून दाखवायचा तेव्हा मी मध्येच त्याला अडवायचो – लाइट होते का? दार कोणी उघडं ठेवलं होतं? तो वैतागायचा. आता तुम्ही मला काहीही विचारा... मी वैतागणार नाही.

साल २००९. मी मूळचा परभणीचा. हिंजवडीत एका छोट्या कंपनीत वेबसाइट तपासायचं काम मिळालं होतं – अंध माणसाला ती वापरता येते की नाही, हे बघायचं. राहायला जवळच माण गावात, एका शेतकरी कुटुंबाच्या घरातली पुढची खोली. घरात दादा, वहिनी आणि आतल्या खोलीत दादांच्या आत्या. मी तिथे राहायला जायच्या दोन वर्षं आधी आत्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या हाताने त्या स्टीलची वाटी खाटेच्या दांडीवर वाजवायच्या – एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कोणीतरी या. त्यांचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. माझ्यासाठी आत्या म्हणजे ती वाटी.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्यात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. आवाज असा की एखाद्याला सर्दी झालेली असताना पाठांतर करायला बसवलंय. पण माझे डोळे तेच.

त्या दिवशी चार वाजेपर्यंत मला एक रिपोर्ट पाठवायचा होता. आधीचे दोन उशिरा गेले होते. सर आदल्या दिवशी शांतपणे म्हणाले होते, "या वेळी वेळेत नाही आला ना, तर तुझ्यासाठी वर शब्द टाकता येणार नाही मला." नोकरी गेली असती तर परभणीला भावाच्या घरी परत. कोपऱ्यात बसायचं, जेवायला हाक येईपर्यंत. ते मी चार वर्षं केलं होतं. भुतांची नाही, पण त्या कोपऱ्याची मला खरंच भीती वाटायची.

आणि मी शहाण्याने आदल्या संध्याकाळी अपडेट टाकून ठेवलं! सकाळी मशीन सुरू केलं – पंख्याची घरघर, आणि पुढे काहीच नाही. स्पीकरची पिन काढून टोकाला बोट लावलं तर गुर्रर्र झालं, म्हणजे स्पीकर ठीक. आवाज मशीनमधूनच येत नव्हता. अंदाजाने कमांड टाइप करून मुख्य आवाज चालू केला, तरी ढिम्म. ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "स्क्रीनवर काय दिसतंय ते सांग." मी काय सांगणार, कपाळ!

मीच ऑफिसला गेलो असतो. पण दादा-वहिनी शेजारच्या नांदे गावात लग्नाला गेले होते, त्यांच्यासोबत सगळी आळीच गेली होती. जाताना वहिनी सांगून गेल्या होत्या, "आत्यांकडं ध्यान ऱ्हाऊ द्या भाऊ. वाटी वाजली तर पानी तेवढं द्या." मी हो म्हटलं होतं.

दुपारचे अडीच वाजले. अल्सामिक्सर म्हणून एक प्रोग्राम असतो, त्यात आवाजाचे उभे खांब दिसतात आणि कुठला बंद आहे ते खांबाखाली कळतं. तो उघडला – निदान उघडला असावा. पण कुठला खांब बंद आहे ते सांगणार कोण? हात कीबोर्डवर ठेवून बसलो होतो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय हुडकतुयास रं, माज्या राजा?"

अगदी उजव्या खांद्यामागून. घोगरा, म्हाताऱ्या बाईचा आवाज. पावलं ऐकू आली नव्हती, पण मी कामात असलो की मला शेजारी बॉम्ब फुटला तरी कळत नाही. वाटलं, लग्नाला न गेलेली कोणी शेजारीण असेल.

"आजी, समोरच्या पडद्यावर काय आहे तेवढं सांगाल का?"

"मला वाचाया येत न्हाई. पर दिसतंय ते सांगते की. खांब हायेत. लई."

"पहिल्या खांबाखाली काय आहे?"

"दोन भाकऱ्या. येकीला येक चिकटून."

दोन ओ. म्हणजे चालू. माझ्या अंगात एकदम हुशारी आली. "आणि दुसऱ्याखाली?"

"दोन डोंगर. वर जातंय, खाली येतंय, परत वर, परत खाली... जोडीनं."

दोन एम! म्यूट, म्हणजे आवाज बंद! मी इतके तास नुसता पहिला, मुख्य आवाजाचा खांब धोपटत बसलो होतो. उजवा बाण एकदा दाबला आणि मग एमचं बटण, आवाज चालू-बंद करणारं.

"आता?"

"गेलं की डोंगर. हितं बी भाकऱ्या आल्या."

मी स्क्रीन रीडर पुन्हा सुरू केला आणि तो सर्दी झालेला आवाज खोलीभर बोलायला लागला. मी मोठ्याने हसलो. "आजी, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत!" उत्तराची वाट न बघता कामाला लागलो. चारला दहा मिनिटं असताना रिपोर्ट गेला.

मग मी आळस देत हात पुढे केला, आणि बोटांना कापड लागलं. मॉनिटरवर रुमाल होता. कडेला क्रोशाची वीण असलेला, पडद्यावरून पार टेबलापर्यंत आलेला, खाली दोन्ही टोकं मॉनिटरच्या पायाला गाठ मारून बांधलेली.

संध्याकाळी वहिनी आल्या तसं रुमालाचं विचारलं. "व्हय, म्या घातलाय. महिना झाला की. धूळ बसती, आन् तुमाला त्याचा काय उपेग?" दादांनी वाकून मागे पाहिलं. "आवो, ही वायर तर उंदरानं तोडलीया. ह्यो डबा चालूच न्हाई!"

दुपारी कोण बाई आली होती, एवढंच मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, आळीत कोणीच नव्हतं. आवाज कसा होता, काय म्हणाली, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घोगरा होता, मला 'माज्या राजा' म्हणाली.

"तसं तर आत्या म्हनायच्या," वहिनी हळूच म्हणाल्या. "पोराबाळांस्नी. बोलत व्हत्या तवा."

तेवढ्यात आतून वाटी वाजली. दोनदा.

वहिनी उठत होत्या, मी म्हटलं, मी जातो. खाटेजवळ बसलो. आत्यांनी माझा हात चाचपून धरला, उलटा केला आणि तळहातावर बोट टेकवलं. वर, खाली. वर, खाली. थोडं सरकून पुन्हा तेच. मग दोन गोल, एकमेकांना चिकटून. डोंगर-भाकऱ्यांचं मी तोपर्यंत कोणाशीही बोललो नव्हतो.

"आत्या, तुम्ही होता?" मी विचारलं. त्यांनी हात नुसता घट्ट धरून ठेवला. मी त्या खाटेपाशी बसून लहान मुलासारखा रडलो.

नोकरी टिकली. आत्या पुढच्या वर्षी गेल्या, तोपर्यंत रोज ऑफिसमधून आलो की त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. तो आवाज पुन्हा कधी ऐकू आला नाही. मित्र म्हणतो, वायर दुपारनंतर तुटली असेल. असेल. मग रुमाल? मग माझा तळहात? मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलंय, कारण सापडत नाही.

एमचं ते बटण मी अजूनही कितीदा तरी दाबतो. माझं मुकं झालेलं मशीन त्यांनी बोलतं करून दिलं... त्यांचं बटण मात्र मला शेवटपर्यंत सापडलं नाही.