रुंद कानाचे कप

परंड्यातलं आमचं पहिलं प्रदर्शन एका मंगल कार्यालयाच्या पडवीत होतं. आम्ही दोघींनी टेबलं मांडली, त्यांवर घरच्या पांढऱ्या चादरी घातल्या, माझी भांडी लावली आणि वाट बघत बसलो. दुपारपर्यंत मोजकीच माणसं आली. एकानं विचारलं, यात दही लागतं का. दुसऱ्यानं वाडगा उलटा करून बोटानं वाजवून बघितला आणि "चिनी मातीचं हाय व्हय" म्हणून परत ठेवला. माझा चेहरा पडलेला बघून मैत्रीण उठली, ओढणी कमरेला गुंडाळली आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेली. कुर्डुवाडीच्या गाडीसाठी थांबलेल्या बायकांना तिची हाक मला पडवीत ऐकू आली. "मावशी, गाडीला लई टाइम हाय अजून. बघायला पैसे पडत न्हाईत. या, सावलीत बसा तरी!"

ती बायकांचा घोळकाच घेऊन आली. एका म्हातारीच्या हातात तिनं झाकणाची छोटी बरणी दिली. "लांबून काय बघता, हातात धरा की." म्हातारीनं बरणी धरली, झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि म्हणाली, "मिठाला चांगलीय." ती माझी पहिली विक्री. तिच्यामागून आणखी दोघींनी घेतल्या. गाडी लागल्यावर बायका बरण्या पदराखाली धरून पळत सुटल्या आणि आम्ही दोघी हसत बसलो.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, तुला माणूस ओळखता येत नाही. मला ती ओळखता येत होती. ती अशीच होती.

तुळजापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी मातीकाम शिकायला बाहेरगावी गेले. वडील तहसील कचेरीत कारकून होते. कारकुनाच्या मुलीनं चिखलात हात घालायचा, हे आमच्या नातेवाइकांना पटलं नव्हतं. वडील मात्र एवढंच म्हणाले, "शिकायचंय तर नीट शिकून ये." शिकून परत आले आणि तामलवाडीच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली, गॅसची भट्टी बांधली. आमच्याकडची काळी माती या कामाला चालत नाही, वाळता वाळताच तडकते. त्यामुळं माती बाहेरून पोत्यांनी यायची. पण भांड्यावर चढवायची झिलई इथलीच असावी, हा माझा हट्ट होता. तूर झोडून झाली की तामलवाडीचे शेतकरी मला तुराट्या न्यायला सांगत. त्या जाळायच्या, राख धुऊन, गाळून, वाळवून झिलईत मिसळायची. भट्टीतून भांडं निघायचं ते कवठाच्या सालीच्या रंगाचं, करडं आणि आतून हिरवट. तो रंग यायला मला दोन वर्षं लागली.

मैत्रिणीचं दुकान देवळाच्या रस्त्यावर. कुंकू, कवड्यांच्या माळा, देवीचे फोटो. तिनं त्यातली एक भिंत रिकामी करून तिथं माझ्यासाठी फळ्या ठोकून घेतल्या. मला विकता येत नाही. कुणी किंमत विचारली की मी अपराध केल्यासारखी खाली बघते. तिला विकता यायचं. दर्शनाला आलेलं गिऱ्हाईक माळ घ्यायला थांबायचं आणि कप घेऊन जायचं. मी करायचं, तिनं विकायचं, दादानं शाळेत जाता-येता त्याच्या गाडीतून माल पोचवायचा, असं आमचं बसून गेलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो शिक्षक आहे.

मग वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हाताची बोटं वळेनात. नेहमीच्या कपाच्या कानात त्यांचं एकच बोट जायचं आणि कप कलंडायचा. आईनं वाटीनं चहा पाजायला घेतला, तर त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांच्यासाठी रुंद कानाचा कप केला. त्यात सगळी बोटं आत जायची, अंगठा वर टेकायचा. कान नीट बसेना म्हणून किती कप मोडले. जमला तेव्हा वडिलांनी तो दोन्ही बाजूंनी फिरवून बघितला, चहा संपवला आणि रिकामा कप बराच वेळ तसाच धरून बसले.

मैत्रिणीनं तो बघितला आणि म्हणाली, "असे आणखी कर. प्रत्येक घरात असं एक माणूस असतं." तिचं बरोबर होतं. ते कप भिंतीवर टिकायचेच नाहीत. तिनं मोबाइलवर त्यांचे फोटो काढले. वरून, बाजूनं, उलटे करून बुडाचेही. बुडाशी ओल्या मातीत मी एक ठसा दाबायचे, तुरीच्या शेंगेचा. जाहिरातीला लागतात, असं ती म्हणाली. मी तिला कप नीट उजेडात धरून दिले.

वडिलांना दुसरा झटका आला आणि त्यांना सोलापूरला हलवलं. काही महिने मी दवाखान्यातच होते. भट्टी गार पडली. मैत्रीण जमेल तेव्हा डबा घेऊन यायची, आईला घरी जायला लावून स्वतः बसायची. निघताना म्हणायची, "दुकानाची काळजी करू नकोस. मी बघते." दवाखान्याला पैसे कमी पडले तेव्हा तिनं न मागता दिले. वडील गेले, तेव्हा माझ्याआधी ती रडली.

मी परत कामाला लागले. दुकानाकडं फिरकायला सवड नव्हती, माल दादाच पोचवायचा. दिवाळीच्या आधी धाराशिवला एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलं. सगळी धावपळ तिनंच केली. पहिल्याच दिवशी हॉल भरला. अशी गर्दी मी माझ्या कामाला कधी बघितली नव्हती. दुपारी एक वयस्कर बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी. बेंबळीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर टेबलावर उलगडलं. रुंद कानाचा कप होता. कान निराळा, कप निराळा.

"हे तूच करतीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई."

"आमच्या ह्यांच्या मांडीवर सांडला. उकळता चहा. कान हातात राहिला आन् कप खाली. त्यांचा हात लुळा हाय म्हणून मुद्दाम हा घेतला होता. साल निघालीय सगळी."

मी कप उचलला. हातात घेताक्षणी तो मला अनोळखी वाटला. हलका होता. रंग कवठाचाच, पण वरवरचा, सगळीकडं एकसारखा. उलटा केला. बुडाशी माझी शेंग होती. अंगठा फिरवला तर काहीच लागेना. माझा ठसा दाबलेला असतो, बोटाला खोल लागतो. हा सपाट होता, शाईनं छापलेला.

"बाई, हा माझा कप नाही," मी म्हणाले.

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली.

"ठसा तुझा न्हाई का?"

"ठसा माझा आहे, पण..."

मागं कुणीतरी हसलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, चोरी पकडल्यावर नाकबूल करणाऱ्या पोराकडं बघावं तसं. मी घाईघाईनं मैत्रिणीला शोधलं. तिला कळेल, ती सांगेल, असंच माझ्या मनात होतं. ती गर्दीतून पुढं आली. माझ्या हातातून तो कप काढून घेतला आणि गोड आवाजात म्हणाली, "बाई, चुकतं हो कधी कधी. हातानं केलेलं असतं. आम्ही बदलून देतो." मग टेबलावरचे माझे दोन कप उचलून बाईंच्या पिशवीत घातले. हे सगळं करताना तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.

तेव्हा मला कळलं.

बाईंनी दोन्ही कप काढून टेबलावर परत ठेवले. "बदलून नको मला," त्या मला म्हणाल्या. "चुकलं म्हणायला काय जात होतं तुझं?" आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत मैत्रीण विकत राहिली आणि मी कागदात भांडी गुंडाळून देत राहिले. हात चालू होते, एवढंच आठवतं.

हॉल रिकामा झाल्यावर ती चादरींच्या घड्या घालायला लागली. मी विचारलं, "कधीपासून?"

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "तुझे वडील दवाखान्यात होते तेव्हापासून. एका कारखान्याला फोटो पाठवले. त्यांनी करून दिले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? तू त्यांच्या उशाशी बसलेली. इकडं लोक येऊन ते कप मागायचे. भिंत रिकामी. एकदा हात हलवत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा वळत नाही. मी तुझं नाव जिवंत ठेवलं गं."

"आणि मी परत काम सुरू केल्यावर?"

तिनं चादरीचं टोक माझ्याकडं धरलं, नेहमीसारखं. मी धरलं नाही. मग तिनं ती एकटीनंच छातीशी धरून दुमडली. "तुझी एक भट्टी निघेपर्यंत माझं महिनाभराचं गिऱ्हाईक निघून जातं," ती म्हणाली.

"मघाशी सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस."

"मग काय करायला हवं होतं? तुझं चुकलं म्हटलं तर लोक विसरतात. कलाकाराचं काय, एखादा कप बिघडतो. दुकानात खोटा माल आहे म्हटलं असतं तर उद्या शटर खाली."

इतकं सरळ बोलली ती. मला वाटलं होतं रडेल, पाया पडेल, निदान चिडेल तरी. तिनं माझं नाव आणि तिचं दुकान शेजारी ठेवून बघितलं होतं आणि कुठलं जाऊ द्यायचं ते ठरवलं होतं. मी निघाले तेव्हा मागून म्हणाली, "दादाला विचार हवं तर. सोलापुरातून खोकी तोच आणतो."

यात दुष्टावा नव्हता. दादाचं ऐकून मला काय होईल, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दादा हॉलबाहेर फाटकाशी गाडीत बसला होता. मी शेजारी बसले आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

त्यानं चावी फिरवली, परत बंद केली. "पहिल्या खेपेला वाटलं, तुमचं दोघींचं ठरलेलं असेल."

"नंतर?"

"नंतर कळलं."

"ते कप बाबांसाठी केले होते दादा. तुझ्यासमोर केले होते."

"बाबांच्या आजारपणात तिनं किती केलं आपल्यासाठी," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो? आणि तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच मोडून पडली असतीस."

त्यानं गाडी सुरू केली. मैत्रिणीचा मला राग आला होता, आणि रागाला धरून निदान चालता येतं. दादाचं ऐकल्यावर पाय कुठं टेकावेत तेच कळेना. दवाखान्यात त्या खाटेच्या एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला मी, असे दोघं किती वेळ बसलो होतो. तेव्हाही त्याला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात एस.टी.नं बेंबळीला गेले. बाईंचं घर विचारत विचारत सापडलं. त्यांनी आत घेतलं, पण बस म्हणाल्या नाहीत. त्यांचे यजमान खाटेवर होते, मांडीवर मलमपट्टी. मी माझा एक कप आणि दुकानातून आणलेला एक, असे दोन्ही बाईंच्या हातात दिले. "उलटे करा आणि अंगठा फिरवा," म्हणाले. त्यांनी चष्मा वर केला, एकावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून, मग पुन्हा पहिल्यावरून.

"कळलं," त्या म्हणाल्या. मग कप खाली ठेवत, "तिथं बोलली का न्हाईस मग?"

"बोलले होते, बाई. पहिलं तेच बोलले होते."

त्यांनी आठवून बघितलं. "व्हय. म्हणली होतीस. पण म्हणून झाल्यावर तू तुझ्या मैत्रिणीकडं बघितलंस. मग मी बी तिच्याकडंच बघितलं."

त्यांनी चहा टाकला. मी आणलेला कप विसळून घेतला. तेव्हा यजमान खाटेवरून हळूच म्हणाले, "मला स्टीलच्या पेल्यातच दे." आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसून म्हणाले, "तुझ्यावर राग न्हाई, पोरी. आता भ्याव बसलंय, एवढंच."

मी दुकानातला माझा माल काढून आणला. गावात बोललं गेलं की मैत्रिणीनं हिला मोठं केलं आणि नाव झाल्यावर हिनं तिलाच सोडलं. मी कुणाला किती सांगणार? तक्रार कर, असं एक-दोघांनी सुचवलं. पण आईला दवाखान्यातून घरी पाठवून वडिलांचे पाय चेपत बसलेली ती मला दिसायची आणि माझा विचार तिथंच थांबायचा. देवळाच्या रस्त्यानं जाताना अजून दिसते ती भिंत. कवठी रंगाचे कप ओळीनं लावलेले असतात. त्यांचा कान आता चिकटतो म्हणे, कारखान्यानं सुधारणा केली.

माझी विक्री निम्म्यावर आली. शेडवर येणारं माणूस कप हातात घेऊन विचारतं, "हे नक्की तुमचंच ना?" शेंगेचा ठसा दाबणं मी सोडून दिलं. आता बुडाशी काहीच नसतं.

प्रदर्शनाला मला दादाच नेतो. त्यानं कधी माफी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. भाऊबीजेला ओवाळते, तो ताटात घालायचं ते घालतो, आई समोर बसलेली असते. हॉलवर पोचलो की तो खोकी उतरवून भिंतीशी रचतो. आत काय आहे हे मला माहीत असतं, मीच भरलेली असतात. तरी लावायच्या आधी मी प्रत्येक खोकं उघडून एकेक भांडं उलटं करून बघते. दादा तेव्हा दाराकडं तोंड करून उभा राहतो, माझं होईपर्यंत.